मूळचे कुठले?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलं आहे. पूर्वज मोठे धोरणी. मनाई दोघांपुरतीच ठेवल्यामुळे उरलेल्या सगळ्या सृष्टीला हा प्रश्न विचारायची आपल्याला मोकळीक मिळाली आणि मराठी माणसानं ती पुरेपूर वापरली. एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थाला आपण कंडक्टर तिकिटाला येण्याच्या आत विचारतो, "आपण मूळचे कुठले?" तो म्हणतो, "सोलापूरचा." आपलं समाधान होत नाही. "ते झालं हो, पण मूळचे?" मग तो बिचारा आजोबांचं गाव सांगतो, पणजोबांचं सांगतो, मागे सरकत सरकत पेशवाईपर्यंत पोचतो, आणि तेवढ्यात कुर्डुवाडी येते.

माणसांना हा प्रश्न विचारायची सवय मला होतीच. झाडांना विचारायची वेळ निवृत्तीनंतर आली.

आमचं गाव सोनारी. परंडा तालुका, जिल्हा धाराशिव; २०२३ सालापर्यंत याच जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. भैरवनाथाचं गाव. चैत्रात यात्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. एरवी देवळाच्या आसपास जो राबता असतो त्यात माणसं किती आणि माकडं किती हे मोजायचं ठरलं, तर शिरगणतीवाला माकडांच्या बाजूनं कौल देईल. पस्तीस वर्षं पुण्यात नोकरी करून मी या गावी परतलो. घर जुनं. घरामागे सहा गुंठे जागा. तिच्या एका कोपऱ्यात लिंब, म्हणजे पुण्याच्या भाषेत कडूनिंब, दुसऱ्या कोपऱ्यात चिंच आणि मधल्या जागेत उकिरडा, फुटकं जातं आणि भाऊबंदकीचे इतर अवशेष.

तिथे बाग करायची असं घरात ठरलं. घरात ठरलं म्हणजे सौ.नं ठरवलं.

बाग करायची म्हटल्यावर सल्लागार उगवतात. त्यांना खतपाणी लागत नाही. आमच्या चिरंजिवांनी पुण्याहून फोनवर सांगितलं, "बाबा, मस्त लॉन करा. कडेनं पाम लावा. एकदम रिसॉर्टसारखं दिसेल." चिरंजीव इकडे येतात वर्षातून एकदा, सौ. त्यांना उंबराचं फूल म्हणते. तेव्हा रिसॉर्ट कोणासाठी, हा प्रश्न मी गिळला. गावातल्या एका गुरुजींनी नक्षत्रवन करा म्हणून सुचवलं. सत्तावीस नक्षत्रांचे सत्तावीस वृक्ष. ज्यानं त्यानं आपापल्या नक्षत्राच्या वृक्षाची सेवा करायची. मोठ्या उत्साहानं मी माझी पत्रिका काढली. श्रवण नक्षत्र. वृक्ष : रुई. म्हणजे जी कुठेही उगवते, कोणी लावत नाही आणि शनिवारी मारुतीला हार करण्यापुरती जिची आठवण होते, ती. सौ. म्हणाली, "शोभते हो तुम्हाला."

तिसरे सल्लागार म्हणजे माझे पुण्याचे एक स्नेही. नाव सांगत नाही; ते अजून माझे स्नेही आहेत. देशी वृक्षांचे ते कट्टर पुरस्कर्ते. चार दिवस मुक्कामाला आले, ते तांबडं पेन घेऊनच. सौ.नं फुलझाडांची यादी करून ठेवली होती : झेंडू, निशिगंध, गुलबक्षी, सदाफुली, देवचाफा, कर्दळ, रातराणी. स्नेह्यांनी चष्मा चढवला आणि परीक्षकाच्या निर्विकारपणे एकेकावर काट मारत गेले. "झेंडू : मेक्सिको. निशिगंध : मेक्सिको. गुलबक्षी : अमेरिका खंड. सदाफुली : मादागास्कर. देवचाफा : पुन्हा अमेरिका खंड. कर्दळ : तेच. रातराणी : वेस्ट इंडीज." पेन खाली ठेवून ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या देवाला वाहायला यात एकही फूल इथलं नाही."

सौ. म्हणाली, "देव इथला आहे ना? मग झालं."

वाद तिथे मिटायला हरकत नव्हती. पण स्नेह्यांजवळ एक चोपडं होतं आणि त्यात कोणती वनस्पती मूळची कुठली याची टिपणं होती. सौ.नं ते रात्री मागून घेतलं आणि सकाळी स्नेह्यांना त्यातूनच जेवायला वाढलं. मिरची नाही; ती अमेरिकेची. शेंगदाण्याची चटणी नाही. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. बटाटा नाही, टोमॅटो नाही. भाकरी मागितली तर म्हणाली, "ज्वारीचं मूळ आफ्रिकेत, असं पान बारावर आहे." मुगाचं वरण, भात, मिरी घातलेलं वांगं. जेवणानंतर पेरू नाही, पपई नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, म्हणजे सगळा उपास अटलांटिक ओलांडून आलेला, म्हणून स्नेह्यांनी तो निव्वळ पाण्यावर केला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठेच्याला नागरिकत्व बहाल केलं.

मला प्रश्न पडला तो इथे. एखादी गोष्ट इथली आहे असं आपण कधी म्हणायचं? जन्मावरून म्हणायचं, तर आमच्या कोपऱ्यातली चिंचसुद्धा बाहेरची. ती मूळची आफ्रिकेतली. पण इतक्या जुन्या काळी इकडे आली की अरबांनी तिला पाहिलं ते इथलीच म्हणून, आणि नाव ठेवलं 'तमर-ए-हिंद', हिंदचा खजूर. पुढे शास्त्रज्ञांनी तिच्या लॅटिन नावातही 'इंडिका' घालून टाकलं. सीताफळाची कथा याहून सुरस. झाड अमेरिका खंडातलं, नाव साक्षात सीतामाईचं, आणि आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे 'हे इथलंच' असा सरकारी दाखला! माणसांना असले दाखले काढायला तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात ते ज्याचं त्याला माहीत.

आणि 'इथलं' म्हणजे तरी कुठलं? १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत सोनारी निजामाच्या मुलखात होती आणि पलीकडची बार्शी इंग्रजांच्या. मध्ये करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी. माझ्या आजोबांनी बार्शीच्या बाजारातून लिंबाचं रोप आणलं असेल, तर कायद्यानं ती परदेशातून केलेली आयात होती. त्यानंतर आमचा कडूनिंब जागचा न हलता निजामाच्या राज्यातून हैदराबाद राज्यात गेला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि २०२३ साली त्याचा जिल्हाही बदलला. एवढा प्रवास करून त्याच्या पत्त्यात काडीचा फरक नाही. त्याच लिंबोळ्या, तीच सावली, तेच कावळे.

इथपर्यंत आल्यावर कोणाही सुज्ञ माणसाला वाटेल की देशी-परदेशी हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. जे आवडेल ते लावावं आणि गप्प बसावं. मलाही तसं वाटायला लागलं होतं. पण ओढ्याच्या काठानं एक फेरी मारली की हे वाटणं टिकत नाही.

ओढ्याच्या दोन्ही काठांनी वेडी बाभूळ माजली आहे. तीही अमेरिका खंडातून आलेली. गंमत म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो त्या शमीला आणि हिला वनस्पतिशास्त्रानं कैक वर्षं एकाच वंशात बसवलं होतं. म्हणजे दोघी सगोत्रच. पण नांदण्याची रीत बघा. शमीच्या सावलीत पीक घेतात, तिचा पाला शेळ्या-उंटांना घालतात. वेडी बाभूळ जिथे शिरते तिथे गवताची काडी उगवायची मारामार. पाय ठेवील तिथे सातबारा स्वतःच्या नावावर करून घेणार. अर्थात तिच्याही बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी : ज्याला सरपण विकत घेता येत नाही, त्याची चूल तिनं पेटती ठेवली. दुर्जनाच्या हातूनही परोपकार घडतात, ते असे.

गाजर गवताबद्दल मात्र एकही चांगला शब्द मला सापडत नाही. १९५० च्या दशकात ते पहिल्यांदा पुण्यात दिसलं. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हातून आलं असं मानतात. पोटाला गहू मागितला आणि अंगाला खाज मिळाली. पुण्याहून ते देशभर गेलं. पुण्यातून निघून सगळ्या देशाला त्रास देणारं तेच एक, असं म्हणणाऱ्यांशी पस्तीस वर्षं तिथे मीठ खाल्लेला मी सहमत होऊ शकत नाही. पण मुद्दा असा की ते इतकं का माजलं? गाव सोडताना देणेकऱ्यांना मागे ठेवून आलेला माणूस नव्या गावात जसा ऐटीत राहतो, तसं. त्याला कुरतडणारे किडे राहिले तिकडे. शेवटी १९८० च्या दशकात त्याला खाणारा भुंगा मेक्सिकोहून बोलावून आणावा लागला. देणेकऱ्याला तिकीट काढून आणणं म्हणतात ते हेच.

आता याच्या शेजारी उंबर ठेवून बघा. उंबराचं फूल कोणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. त्या आतल्या फुलांचा संसार लावून देणारा गांधीलमाशीच्या जातीचा एक इवलासा कीटक आहे. तो उंबराचा. वडाचा वेगळा, पिंपळाचा वेगळा. एकाच्या घरचा दुसऱ्याकडे कामाला जात नाही. हा कीटक उंबराच्या फळात जन्मतो, उंबराच्याच दुसऱ्या फळात जाऊन अंडी घालतो आणि संपतो. उंबर नसेल तर तो नाही आणि तो नसेल तर उंबराला बी नाही. अशी सोयरीक जुळायला लाखो वर्षं जातात. मग त्या फळांवर हरियाल, वटवाघळं, खारी आणि आमच्या गावची माकडं. रुईवर फुलपाखराच्या अळ्या, कढीपत्त्यावर दुसऱ्या फुलपाखराच्या. देशी झाडाला आपण एक झाड म्हणतो, पण ते खरं म्हणजे एकत्र कुटुंब असतं. पामाला बिचाऱ्याला इथे कोणी नाही. तो हॉटेलच्या दारातल्या दरवानासारखा रुबाबात उभा असतो. त्याला सलाम सगळे करतात, पण 'जेवलास का?' म्हणून कोणी विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही.

पामाचा विषय आमच्या शेजारच्या काकींनी एका वाक्यात निकालात काढला. चिरंजिवांनी पाठवलेलं चित्र मी त्यांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "अण्णा, ह्येला पाणी किती लागंल?"

मी म्हणालो, "सुरुवातीला रोज घागरभर. आणि खालच्या हिरवळीला पाट सोडल्यासारखं."

"सावली?"

"फारशी नाही."

"फळ?"

"नाही."

"मग त्यो पावना का भालदार?" काकी म्हणाल्या आणि टँकर आला म्हणून हंडा घेऊन निघून गेल्या.

बागेचा प्रश्न हा नीतीचा प्रश्न आहे हे मला त्या हंड्यानं शिकवलं. पुस्तकात मला ते कुठे भेटलं नव्हतं. जिल्ह्याचा पाऊस कागदावर सात-साडेसातशे मिलिमीटर; परंड्याच्या बाजूला त्याहून कमी, आणि तोही आपल्या मर्जीनं. शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि याच मुलखानं २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर पाहिला की परंडा तालुक्यात माणसं बाहेर काढायला हेलिकॉप्टर आलं. असल्या ठिकाणी मी हिरवळ राखली, तर ती नुसती माझी हौस राहत नाही. काकींच्या हंड्यातलं पाणी माझ्या गवतावर पडतं, एवढाच त्याचा अर्थ. इथल्या मातीतली झाडं दुष्काळात दम धरायला आणि ओल मिळाली की फुटायला हजारो वर्षं शिकली आहेत. ती लावायची ती देशप्रेमानं नव्हे. शेजारधर्म म्हणून लावायची.

तेव्हा देशी झाडं आणायला निघालो. परंड्याच्या स्टँडवर उतरून एकाला विचारलं, "इथे चांगलं देशी कुठे मिळेल हो?" त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मान हलवली आणि हिरव्या पाटीच्या एका दुकानाकडे हळूच बोट दाखवलं. मराठीत 'देशी' या शब्दाला एकटं सोडू नये हे लक्षात ठेवून पुढे एका नर्सरीत पूर्ण वाक्यात विचारलं, "तरवडाची रोपं आहेत का? हिवर? हिंगण?" नर्सरीवाला तरुण होता. तो मला समजावत म्हणाला, "काका, ती झाडं लावायची नसतात. उपटायची असतात."

त्याचंही खोटं नव्हतं. जे फुकट उगवतं ते विकत कोण घेणार? आपट्याचीच गोष्ट घ्या. दसऱ्याला सोनं म्हणून बाजारात ढिगानं पानं येतात, त्यांत कांचनाची कितीतरी. पान सारखंच दुभंगलेलं. घेणाऱ्याला फरक कळत नाही आणि देणाऱ्याला सांगायचं नसतं. खऱ्या सोन्याच्या नावाखाली खोटं सोनं खपतंच, पण खोट्या सोन्यातही आपण भेसळ करतो.

शेवटी रोपं मिळाली ती बांधावर. काय लावावं याचं उत्तर दुकानात नसतं. जुन्या बांधावर, ओढ्याच्या काठी, नाहीतर बार्शीवरून पुढे येडशीला रामलिंगाच्या अभयारण्यात जावं आणि कोणी न लावता काय उभं आहे ते बघावं. जे आपल्याआधी इथे राहून दाखवतं त्याला आपण काय शिकवणार? २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा संमेलनाध्यक्ष म्हणून वडाच्या झाडाची निवड केली होती. मराठी संमेलनांच्या इतिहासात इतका सर्वमान्य अध्यक्ष दुसरा झाला नाही. भाषण नाही, वाद नाही, मानधन नाही, आणि अध्यक्षांच्या सावलीत बसलेल्यांना खरोखर सावली.

हे सगळं मी स्नेह्यांना फोनवर सांगितलं. ते फार खूश झाले. म्हणाले, "आता कसं! झाडांचं काय आणि माणसांचं काय, नियम एकच. जो जिथला, त्यानं तिथेच राहावं. या बाहेरच्यांनी पुण्याची काय दशा केली आहे ते तुम्ही पाहिलंच आहे."

मी पाहिलं होतं. पस्तीस वर्षं त्या दशेत माझाही खारीचा वाटा होता. पण ते बोलत होते तेव्हा बाहेरच्या रस्त्यानं ऊसतोडीचा ट्रॅक्टर चालला होता. दिवाळीच्या सुमाराला आमच्या या पट्ट्यातून टोळ्या निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, काही कर्नाटकात. पोरंबाळं, भांडी, एखादी शेळी, सगळं ट्रॉलीत. पाच-सहा महिने फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहायचं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. म्हणजे माणसाला मूळचा कुठला हेही विचारत नाहीत, अवजाराच्या नावानं मोजतात. 'जो जिथला त्यानं तिथेच राहावं' हा नियम त्या ट्रॉलीला कोण सांगणार? इथे राहायचं तर इथे काय खायचं?

स्नेह्यांना मी लगेच उत्तर दिलं नाही. मला लगेच उत्तरं सुचत नाहीत. म्हणून तर सरकारी नोकरीत टिकलो. पण आठवडाभर चिंचेखाली खुर्ची टाकून बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. झाडाला मूळ का विचारायचं? कारण झाडाला स्वभाव बदलता येत नाही. वेडी बाभूळ सोनारीत शंभर वर्षं राहिली आणि दर चैत्रात भैरवनाथाची यात्रा तिनं पाहिली, तरी शेजारच्या गवताला जागा द्यायला ती शिकणार नाही. नव्या झाडाचा स्वभाव कसा आहे हे कळायला दोन पिढ्या जातात, आणि कळेपर्यंत वेळ गेलेली असते. सुबाभळीचं १९८० च्या सुमाराला किती कौतुक झालं! चारा, सरपण, सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. पुढे ती नको तिथेही पसरत गेली. म्हणून ज्याचं वागणं मागच्या हजार वर्षांत सगळ्यांनी पाहिलं आहे, ते झाड आधी लावावं. मूळ विचारायचं ते अभिमानासाठी नाही, चारित्र्याच्या दाखल्यासाठी.

माणसाचं तसं नाही. माणूस परगावी गेला की आठ दिवसांत तिथली बोली उचलतो, महिन्याभरात तिथला देव उचलतो आणि वर्ष झालं की तिथल्या लोकांच्या बरोबरीनं बाहेरच्यांना नावं ठेवायला लागतो. इतकं एकरूप होणं कुठल्या झाडाला जमलं आहे? माणसाला वाटलं तर तो शेजाऱ्याला जागा देतो, वाटलं तर त्याचं पाणी तोडतो. आणि ते त्याच्या गावावरून ठरत नाही, रोज सकाळी नव्यानं ठरतं. म्हणून झाडाला मूळ विचारावं आणि माणसाला फळ. उलटं केलं की फसगत. बागेत गाजर गवत माजतं आणि गावात भांडणं.

हे मी स्नेह्यांना पत्रानं कळवलं. फोनवर ते मध्ये बोलतात.

मग बाग झाली. कुंपणाला तरवड, त्याला शेळी तोंड लावत नाही आणि ऐन कोरड्या दिवसांतही पिवळा बहर येतो. आत बेल, कवठ, शमी, खरा आपटा, कढीपत्ता, अडुळसा, पारिजातक आणि मांडवावर जाई. हिरवळीच्या जागी माळावरचं मारवेल आणि पवन्या गवत. पावसाळ्यात हिरवं, एरवी सोनेरी, आणि पिवळं पडलं म्हणून कोणी टँकर मागवायचा नाही. चिंच होती तिथेच आहे. सौ.चा झेंडू, निशिगंध आणि देवचाफा यांना एक वाफा दिला. त्यांनी आजवर कोणाची जागा बळकावली नाही. पाहुण्यासारखे आले, देवाच्या कामाला लागले आणि घरचे झाले. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला पंधरा वर्षांनी मिळतो. झेंडूची तेवढी मुदत केव्हाच भरली आहे. माझी गावातली अजून नऊ वर्षं बाकी आहेत.

पाचवे सल्लागार म्हणजे माकडं. त्यांनी अजून मत दिलेलं नाही. आमच्याच जिल्ह्यात उपळा नावाचं गाव आहे. तिथे बत्तीस एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावावर असल्याचं २०२२ साली वर्तमानपत्रांत आलं होतं. सोनारीची माकडं असल्या कागदांच्या भानगडीत पडत नाहीत. ती थेट ताबा घेतात. म्हणून परसाच्या अगदी टोकाला, घराच्या पायापासून लांब, एक उंबर लावला आहे. सौ. म्हणाली, "फळ धरायला किती वर्षं लागतील? आणि खाणार कोण? माकडंच ना?" मी म्हटलं, हो. रोपाला सध्या तीन पानं आहेत. न्हाणीचं पाणी चर काढून त्याच्याकडे वळवलं आहे, त्यामुळे मी आता आंघोळ जरा जास्त वेळ करतो. काकींची त्याला हरकत नाही.